पाठीवरचं माप: स्कायडायव्हिंगचा हार्नेस आणि कंटेनर अंगाला 'बसतो' म्हणजे काय

मागच्या वेळी आपण छत्री उघडते कशी आणि उघडल्यावर पंखासारखी उडते कशी, हे बघितलं. त्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यातले निम्मे तरी एकाच प्रकारचे होते. कोणी अमेरिकेत शिकतोय, कोणी दुबईत, कोणी स्पेनमध्ये. लायसन्स हातात आलंय किंवा येऊ घातलंय, आणि एक वापरलेली रिग स्वस्तात मिळतेय. "सर, छत्री माझ्या वजनाला बरोबर आहे. घेऊ ना?"

याला हो-नाही असं उत्तर देता येत नाही, म्हणून आजचा तास. पण आधी माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण मीही एके काळी नेमका हाच प्रश्न विचारला होता. "घे" असं उत्तर मिळालं आणि मी घेतली.

फ्लोरिडात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. चाळीसेक उड्या झाल्या होत्या, सगळ्या भाड्याच्या रिगवर. एकाने आपली रिग विकायला काढली. आत १९० चौरस फुटांची मेन छत्री, म्हणजे मला हवी तीच. कंटेनर चांगला, रंग झकास, किंमत परवडणारी. विकणारा माणूस सहा फुटांचा आणि मी पाच फूट सहा इंच. अंगावर चढवली, पट्टे आवळले, आरशात बघितलं. बसली की! दुसऱ्या शनिवारी उडी मारली. छत्री अगदी छान उघडली, आणि माझ्या दोन्ही खांद्यांवरच्या कड्या कानांपाशी येऊन थांबल्या. छातीचा पट्टा गळ्याशी. सवयीप्रमाणे हँडलं बघायला मान खाली घातली, तर हनुवटी पट्ट्यावर टेकली आणि हँडलं दिसेनात. ती वर सरकून काखेच्या पातळीला गेली होती. त्या दिवशी त्यांची गरज पडली नाही. पडली असती तर काय झालं असतं? मी ज्या जागी हात नेण्याची शेकडो वेळा तालीम केली होती, त्या जागी फक्त माझं पोट होतं.

आता यात चूक कुठे झाली? छत्रीचं माप बरोबर होतं. कंटेनरचं माप छत्रीला बरोबर होतं. माझं माप कोणीच घेतलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा.

रिग म्हणजे आपण पाठीवर चढवतो ते सगळं. त्यात दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना शिवलेल्या असतात. एक कंटेनर, म्हणजे पाठीवरची पिशवी. तिचे दोन कप्पे असतात: वरच्या कप्प्यात रिझर्व्ह छत्री, खालच्यात मेन. दुसरी वस्तू हार्नेस, म्हणजे खांद्यावरून, छातीवरून, मांड्यांभोवती जाणारे पट्टे. दिसायला ही एकच चीज दिसते, म्हणून आपण 'रिगचं माप' असं एकवचनात बोलतो. खरं तर मापं दोन आहेत. कंटेनर छत्र्यांच्या मापाचा असतो, हार्नेस माणसाच्या मापाचा. गादीची खोळ गादीच्या मापाची शिवतात, झोपणाऱ्याच्या नाही. आणि सदरा अंगाच्या मापाचा शिवतात, कपाटाच्या नाही. इथे खोळ आणि सदरा एकत्र शिवलेत, एवढीच अडचण आहे.

आधी हार्नेस घेऊ, कारण लोक तिथेच फसतात.

छत्री उघडते तेव्हा भार कोणत्या वाटेने येतो ते बघा. छत्रीच्या दोऱ्या खाली येऊन चार रायझरना मिळतात. रायझर खांद्यावरच्या तीन कड्यांच्या जोडाला मिळतात. हा थ्री-रिंगचा जोड बिल बूथ यांनी १९७०च्या दशकात काढला, आणि आज जवळजवळ प्रत्येक स्पोर्ट रिगवर तो दिसतो. मोठ्या कडीपासून एक जाड पट्टा छातीच्या बाजूने सरळ खाली नितंबापर्यंत जातो. याला मेन लिफ्ट वेब म्हणतात. तिथून तो मांडीच्या पट्ट्यांना मिळतो. म्हणजे आकाशात आपण खांद्यांनी लटकत नाही, आपण मांडीच्या पट्ट्यांत बसतो. झोपाळ्यावर बसल्यासारखे. खांद्याचा भाग आपल्याला फक्त सरळ धरून ठेवतो.

आणि भार किती? माणूस पोटावर पडत असताना वेग असतो ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. छत्री काही सेकंदांत तो माणसाच्या चालण्या-पळण्याच्या वेगावर आणते. चांगल्या, मऊ उघडण्यातसुद्धा अंगावर वजनाच्या तीन-चार पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाचा हार्नेस क्षणभर अडीचशे-तीनशे किलो ओढतो. पट्ट्यांना याचं काही वाटत नाही. ते जवळजवळ पावणेदोन इंच रुंदीचे नायलॉनचे असतात आणि मुख्य पट्ट्यांची ताकद दीड टनाच्या वर असते. प्रश्न तुटण्याचा नाहीच. या भाराखाली हार्नेस आपल्या अंगावर *कुठे* जाऊन बसतो, हा प्रश्न आहे.

म्हणून पहिली गोष्ट लिहून ठेवा: हार्नेसचं माप उभं राहून कळत नाही, लटकून कळतं. उभे असताना रिगचं वजन खांद्यावर खाली येतं. छत्रीखाली नेमकं उलट होतं. हार्नेस वर ओढला जातो आणि तुम्ही त्यात खाली बसता. आरशासमोर जे बघतो ते आपण कधीच वापरत नाही, आणि जे वापरतो ते आरशात कधीच दिसत नाही. (हशा)

मेन लिफ्ट वेबच्या लांबीवर सगळं उभं आहे. हा पट्टा बहुतेक स्पोर्ट रिगवर कायमचा शिवलेला असतो. त्याला बकल नसतं, तो आवळता किंवा सैल करता येत नाही. विद्यार्थ्यांच्या आणि भाड्याच्या रिगवर तो कमीजास्त करायची सोय असते, कारण त्या दिवसभरात दहा जणांच्या अंगावर जातात. माझी गफलत इथूनच सुरू झाली. भाड्याची रिग अंगावर चढवताना माझा प्रशिक्षक दर वेळी तो पट्टा माझ्यापुरता आखडत होता, आणि मला वाटत होतं की हार्नेस सगळ्यांना बसतातच.

पट्टा लांब पडला की काय होतं ते मी सांगितलंच. कड्या कानाशी, छातीचा पट्टा गळ्याशी, हँडलं वर. मोकळ्या पतनात रिग पाठीवर इकडेतिकडे सरकते ते वेगळंच. उलट पट्टा आखूड पडला तर माणूस कुबड काढून उभा राहतो. खांदे खाली ओढले जातात, मांडीचे पट्टे जांघेत रुततात. छत्री उघडताना ते जे लागतं, ते इथे सभ्य भाषेत सांगणं अवघड आहे. पण आखूड पट्टा निदान ओरडून सांगतो. कोणीही दुसरी उडी तशी मारत नाही. लांब पट्टा जमिनीवर आरामशीर वाटतो, ढगळ शर्टासारखा, आणि म्हणून मला तो जास्त धोक्याचा वाटतो.

हँडलांबद्दल जरा थांबून बोलतो. छातीच्या उजव्या बाजूला मेन छत्री सोडून द्यायचं हँडल, म्हणजे कटअवे. डाव्या बाजूला रिझर्व्ह उघडायचं. दोन्ही मेन लिफ्ट वेबवर बसवलेली असतात. म्हणजे पट्टा जिथे जाईल तिथे हँडलं जातील. मेन छत्री नीट उघडली नाही, गरगर फिरायला लागली, तर आधी उजवं आणि मग डावं हँडल ओढायचं, काही सेकंदांत. आणि फिरणाऱ्या छत्रीखाली भार नेहमीपेक्षा जास्त असतो, म्हणजे हार्नेस आणखी वर ओढला जातो. ज्या क्षणी हँडल हाताला लागायलाच हवं, त्याच क्षणी सैल हार्नेस ते जास्तीत जास्त हलवतो. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. पट्टा छातीच्या उभाराबाजूने गेला आणि लांबी चुकली, तर हँडल बाजूला वळतं किंवा उभाराखाली लपतं, आणि उभं राहून सहज दिसणारं हँडल लटकल्यावर दिसत नाही. वर्षानुवर्षं बऱ्याच हार्नेसची मूळ मापं पुरुषांच्या अंगावरून आली, हे यामागचं साधं कारण. आता मापाप्रमाणे शिवून घेता येतं, पण वापरलेल्या रिगच्या बाजारात जे आहे ते आहे.

मग बरोबर बसलेला हार्नेस ओळखायचा कसा? उभं असताना मोठ्या कड्या गळपट्टीच्या हाडाच्या जरा खाली, खांद्याच्या खोबणीत असाव्यात. छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर यावा. आणि मग लटका. जवळजवळ प्रत्येक ड्रॉप झोनवर विद्यार्थ्यांच्या तालमीसाठी रायझर टांगलेले असतात. तिथे रिग अडकवा, मांडीचे पट्टे नेहमीसारखे आवळा आणि पाय सोडून द्या. मग दोन्ही हँडलं न चाचपडता, फक्त नजरेने सापडतात का बघा. हात सरळ वर करून टॉगल धरता येतात का बघा. दुसऱ्याला बाजूने फोटो काढायला सांगा. फोटो खोटं बोलत नाही.

आता लॅटरल. कंटेनरच्या खालच्या कोपऱ्यापासून नितंबाजवळच्या जोडापर्यंत जो आडवा पट्टा येतो, तो लॅटरल. याच्याकडे कोणी बघत नाही. तो लांब असला की कंटेनर पाठीपासून सुटतो, मधे हात सहज जातो. पोटावर पडणाऱ्याला याचा त्रास कमी होतो. पण हल्ली पोरं बसून पडतात, उभं पडतात, डोकं खाली करून पडतात, आणि तिथे वेग ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वाऱ्यात सुटलेला कंटेनर पाठीवर हिसके मारतो. बसून पडताना मांडीचे पट्टेही गुडघ्यांकडे सरकू लागतात. म्हणून दोन मांड्यांच्या पट्ट्यांना मागून जोडणारा एक लवचीक दोर लावतात. लॅटरल लांब, मांडीचे पट्टे सैल आणि तो दोर नाही, असं तिन्ही जुळून आलं तर माणूस मागच्या मागे हार्नेसमधून निसटू शकतो. ही गोष्ट काल्पनिक नाही. प्रवाशांच्या टँडेम हार्नेसमध्ये नितंबामागून जाणारा वायच्या आकाराचा जादा पट्टा याच भीतीने आला.

काही रिगवर नितंबाजवळ आणि छातीजवळ कड्या असतात, पट्टे त्या कड्यांभोवती फिरू शकतात. वाकताना, बसताना हार्नेस अंगाबरोबर वळतो. सोय चांगली आहे. पण कड्यांमुळे चुकीचं माप बरोबर होत नाही. चुकीच्या मापाचा बूट मऊ कातड्याचा असला म्हणून काय झालं?

नवीन रिग शिवून घ्यायची असेल तर माप कसं देतात? कारखान्याचा फॉर्म उंची आणि वजन विचारतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. धड किती, म्हणजे गळ्याच्या खळगीपासून जांघेपर्यंतची लांबी. छाती, कंबर, मांडीचा घेर, पायाची आतली लांबी. धड हेच मुख्य. दोन माणसं पाच फूट आठ इंचांची असतात, एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. त्यांना एकच पायजमा होत नाही, हे आपल्या गल्लीतल्या शिंप्याला माहीत असतं, हार्नेसचंही तेच. माप स्वतःचं स्वतः घेऊ नका. फीत धरायला वाकलं की धड आखूड होतं. ज्याने आधी अशी मापं घेतली आहेत अशा रिगरकडून किंवा विक्रेत्याकडून घ्या, आणि उडीच्या कपड्यांत घ्या. आणि फॉर्मवर स्वतःबद्दलची महत्त्वाकांक्षा लिहू नका. दोन महिन्यांत पाच किलो कमी करणार आहे, वगैरे. आत्ताचं शरीर लिहा.

एक बारीक गोष्ट. मेन लिफ्ट वेबची लांबी इंचांत सांगतात, १७, १८, १९ अशी. पण सगळे कारखाने ती एकाच बिंदूपासून मोजत नाहीत. तेव्हा एका कंपनीचा १८ तुम्हाला बसतो म्हणून दुसरीचा १८ बसेलच असं नाही.

बरं, आता खोळीकडे वळू.

कंटेनर छत्र्यांच्या मापाचा असतो असं म्हटलं. छत्रीचं माप कोण ठरवतं? तुमचं वजन आणि अनुभव. हिशेब सोपा आहे. तुम्ही अधिक सगळं सामान, हे वजन पौंडांत घ्या आणि छत्रीच्या चौरस फुटांनी भागा. समजा माणूस ७० किलो, रिग-हेल्मेट-कपडे मिळून १२ किलो. एकूण ८२ किलो, म्हणजे साधारण १८१ पौंड. १९०च्या छत्रीखाली हे प्रमाण ०.९५ येतं, १७०खाली १.०६, १३५खाली १.३४. नवशिक्याने एकच्या आसपास किंवा खाली राहावं. हलक्या माणसांनी मात्र या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. पन्नास किलोच्या मुलीला या हिशेबाने १३५ची छत्री येते, पण लहान छत्री त्याच प्रमाणातसुद्धा जास्त चपळ असते, वळणाला पटकन प्रतिसाद देते. म्हणून तिला प्रशिक्षक १५० किंवा १७०च देतात. आणि मग वेगळाच पेच येतो: लहान चणीची मुलगी आणि मोठ्या छत्रीचा मोठा कंटेनर. पाठ आखूड, पिशवी लांब. विमानात बसलं की कंटेनरचा तळ माकडहाडाच्या खाली जाऊन टेकतो आणि खांद्यावरचा भाग वर उचलला जातो. दोन्ही मापं एकमेकांशी भांडतात ती अशी. यावर जादूचा उपाय नाही. कमी जागेत मावणाऱ्या कापडाच्या छत्र्या मिळतात, त्या घेतल्या तर एक माप लहान कंटेनर चालू शकतो.

कारण छत्रीचं क्षेत्रफळ आणि तिने व्यापलेली जागा या वेगळ्या गोष्टी आहेत. १७०ची एक छत्री दुसऱ्या १७०पेक्षा बरीच जाड गुंडाळली जाते. कापड कोणतं, दोऱ्या जाड डेक्रॉनच्या की बारीक स्पेक्ट्राच्या, छत्री नवी निसरडी की वापरून मऊ झालेली, यावर ते ठरतं. कंटेनर बनवणारे तक्ता देतात: अमुक कंटेनरमध्ये अमुक मेन, अमुक रिझर्व्ह. त्यात 'घट्ट', 'बरोबर', 'सैल' असेही शेरे असतात. तक्ता वाचताना छत्रीचं नाव वाचा, नुसता आकडा वाचू नका.

समजा कंटेनर लहान आणि छत्री मोठी. कोंबून बसते हो. गुडघा टेकवून, घाम गाळून सगळ्यांनी बसवली आहे. कंटेनरच्या झडपा एका दोरीच्या फाशातून आणि त्यात सरकवलेल्या पिनेने बंद राहतात. आत दाब जास्त असेल तर फाशावर ताण जास्त, पीन ओढायला जड. वाऱ्यात फेकलेली छोटी पायलट छत्री ती पीन ओढते आणि मग मेनची पिशवी बाहेर काढते. पीन जड, पिशवी अडकलेली, असं झालं की पायलट छत्री मागे फडफडत राहते आणि मेन बाहेर येत नाही. दर सेकंदाला पन्नासेक मीटर उंची जात असते.

उलट, कंटेनर मोठा आणि छत्री लहान. हे जास्त होतं, कारण अनुभव वाढला की लोक छत्री लहान करतात आणि कंटेनर तोच ठेवतात. पैसे वाचतात ना! इथे फासा ढिला पडतो, पीन नीट धरत नाही. विमानाच्या दारात घासली, किंवा सोबत्याचा पाय लागला, की पीन निघू शकते. डोकं खाली करून २५० किलोमीटरने जाणाऱ्या माणसाच्या पाठीवर अवेळी छत्री उघडणं म्हणजे मानेला, पाठीला गंभीर इजा. फासा आखूड करून थोडंफार सावरता येतं. एक माप खाली ठीक. दोन-तीन मापं खाली गेलात तर फासा आखूड करून भागत नाही. आत पिशवी हलते आणि कंटेनरच्या झडपा बसतच नाहीत.

रिझर्व्हच्या कप्प्याचं माप मात्र तुमच्या हातात ठेवूच नका. अमेरिकेत हार्नेस, कंटेनर आणि रिझर्व्ह यांना टीएसओ सी-२३ या मानकाची मान्यता लागते, मेनला लागत नाही. काही रिगांच्या लेबलवर २५४ पौंड आणि १५० नॉट असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे ११५ किलो आणि ताशी सुमारे २७८ किलोमीटर, ही चाचणी झालेली मर्यादा. रिझर्व्ह रिगर भरतो आणि तिथे १८० दिवसांच्या आत ती पुन्हा उघडून भरावी लागते. तो म्हणाला की ही रिझर्व्ह या कप्प्यात घट्ट होते, तर वाद घालू नका. हिशेब करून बघा. माणसाने काहीच केलं नाही तर फासा कापून रिझर्व्ह उघडणारं उपकरण असतं. जर्मनीच्या एअरटेकचं सायप्रस १९९१ साली बाजारात आलं, तेव्हापासून या खेळात किती जीव वाचले असतील. त्याची नेहमीची स्पोर्ट आवृत्ती ७५० फुटांच्या, म्हणजे २२५ मीटरच्या आसपास फासा कापते. १९०च्या वेगाने तिथून जमीन चार सेकंदांवर असते. चार. त्यात झडपा उघडून, पायलट छत्री उडून, पिशवी निघून, छत्री भरायला हवी. कोंबलेल्या कप्प्यातून पिशवी निघायला एक सेकंद जास्त लागला तर तो या चारांतूनच जातो. २०१३ साली अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनने अनुभवी लोकांसाठी छत्री उघडण्याची किमान उंची २,००० वरून २,५०० फूट केली. उपकरणाला आणि रिझर्व्हला जरा जास्त अवकाश मिळावा, हा त्यामागचा एक विचार होता.

तर वापरलेली रिग. घेऊ नका असं मी म्हणत नाही, बहुतेकांची पहिली रिग वापरलेलीच असते. पण विक्रेत्याला "छत्री किती फुटांची?" एवढंच विचारून थांबू नका. हार्नेसचं माप विचारा. मूळ मालकाची उंची आणि वजन विचारा, आणि नंतर हार्नेस कुठे बदलून घेतला होता का तेही. रिझर्व्हच्या कार्डावर आणि लेबलवर बनवल्याची तारीख, क्रमांक असतो. तो क्रमांक कारखान्याला कळवला की मूळ मापं सांगतात. आणि पैसे देण्याआधी, तुमच्या ओळखीच्या रिगरकडे रिग पाठवायची अट घाला. विकणारा ही अट मानत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

माझ्या रिगचं काय झालं? एका वयस्कर रिगरने मला टांगलं, दोन मिनिटं बघितलं आणि हसून म्हणाला, "ही कोणाची आहे?" मेन लिफ्ट वेब दोन इंच लांब निघाला. मला वाटलं, कापून शिवून देईल. तसं होत नाही. त्या पट्ट्यावर जीव टांगलेला असतो. असा बदल कारखाना करतो किंवा अधिकार असलेला मास्टर रिगर. रिग कारखान्यात गेली, आठ आठवडे तिथे राहिली, आणि तोपर्यंत मी पुन्हा भाड्याच्या रिगवर. स्वस्तात घेतलेली रिग नव्या रिगच्या जवळपास पडली. बायको अजून तो हिशेब काढते. (हशा)

काही प्रश्न घेऊ.

वजन कमी-जास्त झालं तर हार्नेस बदलावा लागतो का?

मेन लिफ्ट वेब हाडांच्या लांबीवर ठरतो, तो सहसा बदलावा लागत नाही. मांडीचा आणि छातीचा पट्टा आवळता येतो. अडचण लॅटरलची. पंधरा किलो कमी झाले तर तो सैल पडतो, पंधरा वाढले तर कंटेनर पुढे ओढला जातो. तेव्हा पुन्हा लटकून बघा. आणि वजन वाढलं की छत्रीचं प्रमाणही बदलतं, ते लोक विसरतात.

मी फक्त एकदा टँडेम उडी मारणार आहे. मला यातलं काय उपयोगी?

टँडेमच्या प्रवाशाचा हार्नेस सगळीकडून कमीजास्त करता येतो आणि तो बसवणं हे प्रशिक्षकाचं काम. तुमची कामं दोन. वजन विचारलं तर खरं सांगा, चार किलो गाळून सांगू नका. आणि विमानात चढल्यावर पट्टे काचतात म्हणून स्वतःहून सैल करू नका. उडीआधी प्रशिक्षक ते शेवटचे आवळतो तेव्हा चालता येत नाही इतकं घट्ट वाटतं, तसंच वाटायला हवं. फार टोचत असेल तर त्याला सांगा. तो मांडीचा पट्टा नीट वर, जांघेच्या घडीत सरकवून देईल. बहुतेक वेळा तो खाली राहिलेला असतो.

शीतल महाजन यांनी नऊवारीत उडी मारली होती. तिथे हार्नेस कसा बसला असेल?

पुण्याच्या आहेत, हा प्रश्न येणारच होता. २०१८च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये पट्टाया इथे, १३,००० फुटांवरून. त्यांनी स्वतः काय काय काळजी घेतली ते त्याच सांगू शकतील, मी हार्नेसच्या बाजूने बोलतो. सहावारी असती तर मांडीचे पट्टे बसवणंच कठीण झालं असतं. दोन्ही पाय एका घेरात, पट्टा जाणार कुठून? नऊवारीचा काष्टा मागे खोचलेला असतो, दोन्ही पाय वेगळे होतात, म्हणून प्रत्येक मांडीभोवती पट्टा फिरू शकतो. पण पट्ट्याखाली चुण्यांचा थर येतो. जमिनीवर घट्ट वाटलेला पट्टा चुण्या दबल्या की सैल होतो, तेव्हा तो विमानात पुन्हा आवळायला हवा. आणि पदर. छातीवरची दोन हँडलं आणि कंटेनरच्या तळाशी असलेली पायलट छत्रीची मूठ, या तिन्हींवर एक वीतभरही कापड येता कामा नये. साडी नऊवार असो नाहीतर साधा ढगळ टी-शर्ट, विमानात चढण्याआधी सोबत्याला पाठीमागून एकदा बघायला सांगायचं.